सायटिका आणि कंबरदुखी: ज्येष्ठांसाठी शस्त्रक्रियेआधीची वाट

माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या होत्या तेव्हाची ही गोष्ट आहे. वडोदऱ्यात रावपुऱ्यातल्या आमच्या घरून खंडेराव मार्केटला चालत जाऊन भाजी आणणे हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. त्या हिवाळ्यात त्या वाटेत दोन-तीनदा थांबू लागल्या. डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत ओढ लागते, पाय जड होतात, आणि कोणाच्या तरी ओट्यावर दोन मिनिटे टेकले की सारे जागच्या जागी येते, असे त्या सांगत. आम्हाला वाटले की वय झाले, थकवा येत असेल. एक दिवस मी त्यांच्याबरोबर होते आणि ओळखीच्या भाजीवालीची लारी, म्हणजे भाजीची हातगाडी, आमच्याच गल्लीकडे निघाली होती. सासूबाईंनी लारीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले, किंचित ओणव्या झाल्या आणि तिच्याशी बोलत बोलत थेट दारापर्यंत आल्या. एकदाही थांबल्या नाहीत. ‘बाने रांझण छे,’ असे ती भाजीवाली जाताना मला म्हणाली. गुजरातीत सायटिकाला रांझण म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

निम्मे निदान त्या लारीपाशीच झाले होते, पण ते आमच्या लक्षात यायला चार महिने लागले. मधल्या काळात एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून कमरेचा पट्टा, गोळ्या आणि सहा आठवड्यांची सक्त विश्रांती सांगितली, आणि आम्ही ती अगदी मनोभावे पाळली. सहा आठवड्यांनी दुखणे होते तिथेच होते. मांड्या मात्र इतक्या बारीक झाल्या होत्या की सासूबाईंना कमोडवरून आधाराशिवाय उठता येईना. त्यानंतर भेटलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक्स-रेच्या पाकिटाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला: ‘आजी, वाकल्यावर बरं वाटतं की ताठ झाल्यावर?’

मी डॉक्टर नाही. सासूबाईंचे दुखणे सांभाळताना जे शिकले, वाचले आणि तज्ज्ञांना विचारून पडताळले, ते ज्या घरात ‘सायटिका’ हा शब्द नुकताच शिरला आहे त्या घरासाठी इथे मांडत आहे. डॉक्टरांना दाखवण्याऐवजी नव्हे, तर डॉक्टरांपुढे नीट तयारीने बसता यावे म्हणून हा लेख वाचावा.

आधी हे पाहा: कोणत्या लक्षणांवर वाट पाहायची नाही

लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघा आणि बैठकीची जागा बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद एकाएकी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला जात असण्याची शक्यता असते. तिथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशोब असतो; १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातच जावे. घरातल्या पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. लघवीची तक्रार ‘प्रोस्टेटमुळे असेल’ म्हणून बाजूला सारली जाते. ती पाठदुखीबरोबर नव्याने सुरू झाली असेल, तर तसे समजू नये.

पाऊल वर उचलता न येणे, चालताना चप्पल पायातून निसटत राहणे, हे नसेची ताकद जात असल्याचे लक्षण आहे आणि त्यासाठीही एक-दोन दिवसांत तपासणी हवी. पडल्यानंतर, किंवा पाण्याने भरलेला हंडा उचलण्यासारख्या साध्या कारणाने, पाठीत एकदम कळ आली तर ठिसूळ झालेला मणका दबला असू शकतो. वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. पूर्वी कर्करोग झालेला असणे, वजन उतरणे, संध्याकाळी ताप येणे, कोणत्याही कुशीवर न थांबणारे रात्रीचे दुखणे, या गोष्टी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगाव्यात. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात अजूनही आढळतो आणि तो सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखाच भासतो.

पहिली पायरी: दुखण्याची जात ओळखणे

सायटिका हे रोगाचे नाव नाही. ताप जसा लक्षण आहे तसेच तेही एक लक्षण आहे. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांजवळून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून निघणारी मुळे एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस बनते, आणि ती कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते. तिच्या मुळाशी कुठेही दाब किंवा दाह झाला तर कळ पायात उतरते. आयुर्वेदात हिलाच गृध्रसी म्हटले आहे.

तरुणपणी हा दाब बहुधा दोन मणक्यांमधल्या चकतीमुळे येतो, म्हणजे आपण ज्याला ‘गादी सरकली’ म्हणतो त्यामुळे. अशा माणसाला बसल्यावर आणि पुढे वाकल्यावर दुखते, शिंक किंवा खोकला आला की पायात सणक जाते, आणि थोडे फिरले की बरे वाटते. आमच्या शेजारच्या ६६ वर्षांच्या काकांचे दुखणे या जातीचे होते, कारण साठीनंतरही गादी सरकू शकते. ते जेवायलासुद्धा उभे राहत.

ज्येष्ठांत मात्र बऱ्याचदा कारण वेगळे असते. वयानुसार चकत्या चपट्या होतात, सांध्यांची हाडे वाढतात, आतले बंध जाड होतात, आणि नसा ज्या नळीतून जातात ती नळीच अरुंद होते. माणूस ताठ उभा राहिला किंवा चालू लागला की ती नळी आणखी आवळते. बसला किंवा ओणवा झाला की ती मोकळी होते. म्हणूनच सासूबाई लारीला धरून चालू शकत होत्या आणि हात मोकळे असताना चालू शकत नव्हत्या. अशा कित्येकांना चालवत नाही, पण सायकल तासभर चालवता येते.

इथे एक फसगत होऊ शकते. चालताना पोटरी दुखते, पण बसावे लागत नाही, नुसते उभे राहिले तरी थांबते, आणि पाऊल गार लागते, अशी तक्रार असेल तर दोष पाठीत नसून पायाच्या रक्तवाहिन्यांत असू शकतो. मधुमेह असलेल्यांनी आणि तंबाखू किंवा विडी-सिगारेट घेणाऱ्यांनी ही शंका डॉक्टरांकडे बोलून दाखवावी. दुखणे जांघेत असेल आणि मांडी घालताना किंवा मोजा चढवताना अडत असेल, तर खुब्याचा सांधाही तपासावा. दोन्ही तळपाय सारखेच चुरचुरत असतील तर मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता हे कारण असू शकते. शाकाहारी घरांत आणि बरीच वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ती कमतरता बरीच आढळते, आणि कमरेचे कितीही व्यायाम केले तरी ती भरून निघत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस एक साधी वही ठेवावी. किती पावले किंवा किती मिनिटे चालल्यावर दुखले, कुठून कुठपर्यंत दुखले, काय केल्यावर थांबले, झोपेत कोणत्या कुशीवर बरे वाटले, एवढेच लिहावे. आमच्या वहीतले पहिले वाक्य असे आहे: ‘सकाळी ७, दत्तमंदिरापर्यंत, मग बसावे लागले, दोन मिनिटांत थांबले.’ तपासणीला मिळणाऱ्या पाच-सात मिनिटांत या नोंदीने जे काम केले ते आम्हा चौघांच्या एकदम बोलण्याने झाले नसते.

दुसरी पायरी: एमआरआयची घाई न करणे

वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयने उपचारात सहसा काही फरक पडत नाही. ज्यांना पाठदुखी मुळीच नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात चकती झिजल्याची चिन्हे विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत सापडली. चकती फुगलेली दिसण्याचे प्रमाण याच वयांत ३० आणि ८४ टक्के होते. म्हणजे सत्तरीच्या माणसाच्या अहवालात ‘झीज’ आणि ‘फुगवटा’ हे शब्द येणारच. तो अहवाल हातात पडल्यापासून सासूबाई महिनाभर वाकायलाच घाबरत होत्या, आणि त्या भीतीने पाठ जितकी आखडली तितकी झिजेने आखडली नव्हती, असे माझे मत आहे. ताकद कमी होत असेल, सहा ते आठ आठवड्यांत उतार पडत नसेल, किंवा इंजेक्शन वा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तेव्हा एमआरआय जरूर करावा.

तिसरी पायरी: पहिले दोन आठवडे

अंथरुणावर पडून राहणे हे या दुखण्यावरचे औषध नाही. १९८६ मध्येच अमेरिकेतल्या एका अभ्यासात सात दिवसांच्या विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची विश्रांती अधिक हितकर ठरली होती, आणि १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात सायटिकाच्या रुग्णांना दोन आठवडे झोपवून ठेवल्याने काहीही जास्तीचा लाभ झाला नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत तर पडून राहण्याची किंमत मोठी असते, कारण या वयात गेलेली स्नायूंची ताकद परत मिळवायला कित्येक पट वेळ लागतो. कळ असह्य असेल तेव्हा दिवसातून दोन-तीनदा पाठ टेकावी, पण दर तासाला उठून घरातल्या घरात दोन फेऱ्या माराव्यात. सरकलेल्या गादीमुळे झालेला सायटिका बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ निवळतो, कारण बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते. नळी अरुंद झाल्याचे दुखणे असे आपोआप जात नाही, पण ते बहुधा झपाट्याने वाढतही नाही, आणि व्यायामाला पुष्कळ वेळ मिळतो.

झोपताना कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली लोड ठेवावा. फरशीवर सतरंजी टाकून झोपले की पाठ सुधारते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. स्पेनमधल्या ३१३ रुग्णांवर झालेल्या २००३ च्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जास्त आराम पडला, आणि शिवाय सत्तरीच्या माणसाला फरशीवरून उठवणे हेच मोठे संकट असते. उठताना सरळ उठून बसू नये. आधी अख्खे अंग एकसाथ कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी कोपराने रेटा देऊन बसते व्हावे; मग दहा श्वास थांबून उभे राहावे.

शेक घ्यायला हरकत नाही, पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळल्याशिवाय लावू नये. भाजलेले त्यांना कळत नाही, आणि ती जखम पाठदुखीपेक्षा जास्त दिवस पुरते.

चौथी पायरी: व्यायाम, आणि तोही आपल्या जातीचा

सगळ्यांत जास्त वेळ आणि श्रद्धा या पायरीला द्यावी. आधी एक नियम पाठ करावा. व्यायाम करताना पायातली कळ वर सरकत कमरेकडे येत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी तो व्यायाम मानवतो आहे असे समजावे. कळ खाली पोटरीकडे, पावलाकडे उतरत असेल तर तो तिथेच थांबवावा.

ज्यांना वाकल्यावर बरे वाटते त्यांनी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर गादीला हलकेच दाबून पाच मोजेपर्यंत धरावी; नंतर एकेक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्यावा. घरात एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल असेल तर ती यांच्या फार उपयोगाची आहे. ज्यांना बसल्यावर दुखते आणि ताठ झाल्यावर बरे वाटते त्यांनी पोटावर पालथे झोपून पाहावे, दोन-तीन मिनिटांनी कोपरांवर छाती उचलावी आणि वर सांगितलेला नियम लावून पुढे जायचे की नाही ते ठरवावे. हाच व्यायाम अरुंद नळीच्या माणसाने केला तर त्याचे पाय दुखू लागतील. शेजाऱ्यांना लागू पडलेला व्यायाम जसाच्या तसा उचलू नये तो याच कारणासाठी.

ताकदीचे व्यायाम दोघांनाही लागतात. गुडघे वाकवून पाठीवर झोपावे आणि कुल्ले हळूच वर उचलावेत. ओट्याच्या कडेला धरून टाचा उचलाव्यात. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठावे व सावकाश बसावे. शेवटचा व्यायाम ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतो, पण आमच्या घरात त्यानेच पुन्हा माणूस उभा केला. पहिल्या दिवशी सासूबाईंना खुर्चीवरून उठता येईना, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी आसनावर दोन उशा रचल्या आणि खुर्ची भिंतीला टेकवली. उंची वाढल्यामुळे त्या तीन वेळा उठू शकल्या आणि चौथ्यांदा पाय थरथरू लागताच बाईंनी थांबवले. त्या आठवड्यात सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन, एवढाच व्यायाम होता. आठ वेळा जमू लागले तेव्हा एक उशी काढली आणि आकडा पुन्हा चारवर आणला. दुसरी उशी निघायला दोन महिने लागले. ज्या दिवशी ती निघाली त्याच दिवशी त्यांनी न्हाणीघरातला कमोडशेजारचा स्टूल स्वतः बाहेर आणून ठेवला.

चालण्याबद्दल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक दिलासा देणारा अभ्यास आला. पाठदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ प्रौढांपैकी ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने टप्प्याटप्प्याने, आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत चालायला लावले, त्यांचे दुखणे परत येण्याआधीचा मध्यक काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) २०८ दिवसांचा होता, इतरांचा ११२. सुरुवात मात्र आपल्या मापाची असावी. आम्ही कमाटीबागेत बाकांचा हिशोब ठेवला होता, म्हणजे एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत चालायचे आणि दुखू लागण्याच्या थोडे आधीच बसायचे. दुखेपर्यंत चालून मग बसणे आणि दुखण्याआधी बसणे यांत फार फरक आहे. दुसऱ्या रीतीने सासूबाई एका सकाळी तिप्पट अंतर चालू शकल्या. अरुंद नळीच्या रुग्णाला चार चाकांचा, ब्रेक असलेला वॉकर द्यावा, कारण लारीचेच काम तो करतो. लोक काय म्हणतील या संकोचापायी घरात बसून राहणाऱ्या आजी-आजोबांना मला कळकळीने सांगावेसे वाटते की वॉकर घेऊन बाहेर पडलेला माणूस सोफ्यावर बसलेल्या माणसापेक्षा धडधाकट राहतो.

योगासनांविषयी थोडे सावधपणे लिहिते. राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावात आपल्या जुन्या मंडळींचा व्यायामावर विश्वास आहे, आणि ती फार मोलाची गोष्ट आहे. परंतु ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन यांसारखी कमरेतून खोल वाकवणारी आसने, पोटाच्या उठाबशा आणि जोराचे पीळ टाळावेत, कारण त्यांनी मणका दबू शकतो. वर्षानुवर्षे सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनीही या काळात ते शिक्षकांना विचारूनच घालावेत.

पाचवी पायरी: घर, रस्ता आणि सणवार

भारतीय बैठकीच्या शौचालयावर बसवायची कमोड खुर्ची आणि शेजारी भिंतीला पक्का दांडा, ही या दुखण्यातली सर्वांत किफायती खरेदी आहे. बादली अर्धीच भरून न्यावी. देवपूजा पाटावर न बसता चौरंग टेबलावर ठेवून करावी. देवाला त्याने काही कमी पडत नाही. ओट्याशी बराच वेळ उभे राहावे लागत असेल तर एक पाय आलटून पालटून सहा इंच उंचीच्या पाटावर ठेवावा, म्हणजे कंबर मोकळी होते.

ॲक्टिव्हावर मागे साडीत एका अंगाला बसून जाणे हे दुखऱ्या कमरेला फार वाईट, कारण अंग पिळलेले असते आणि प्रत्येक गतिरोधकाचा दणका त्या पिळावरच बसतो. दुखणे जोरात असेपर्यंत रिक्षा करावी आणि रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगण्याचा संकोच धरू नये.

आपल्या गावाची म्हणून एक सूचना उत्तरायणाची. १४ आणि १५ जानेवारीला सगळे घर गच्चीवर असते, आणि आजोबा पतंग पाहायला मान व कंबर मागे टाकून तासन्‌तास उभे राहतात. अरुंद नळीच्या माणसाला याहून प्रतिकूल अवस्था नाही. त्यांच्यासाठी गच्चीवर पाठ कललेली खुर्ची न्यावी, म्हणजे आकाशही दिसते आणि कंबरही टेकलेली राहते. जिना चढायचा तो दिवसातून एकदाच. नवरात्रात गरबा पाहायला जाताना मैदानात खाली बसण्याऐवजी घडीची खुर्ची बरोबर ठेवावी.

सहावी पायरी: गोळ्या

औषधांच्या दुकानातून ‘दुखण्याची गोळी’ आणून महिनोन्‌महिने घेत राहणे ही माझ्या मते या दुखण्यातली सर्वांत धोक्याची सवय आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांच्या जातीच्या गोळ्या दाह कमी करतात आणि काही दिवस उपयोगीही पडतात. पण साठीनंतर त्यांनी जठरात रक्तस्राव होणे, मूत्रपिंडांवर ताण येणे, रक्तदाब आणि पायांची सूज वाढणे, हे सारे अधिक संभवते. ज्यांना हृदयविकार आहे, मूत्रपिंडे नाजूक आहेत, जे रक्त पातळ करणारे औषध घेतात, किंवा जे रक्तदाबाच्या गोळीबरोबर लघवी जास्त होण्याची गोळीही घेतात, त्यांनी डॉक्टरांना ती सगळी पाकिटे दाखवल्याशिवाय यातली एकही गोळी घेऊ नये. घ्यावीच लागली तर कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि जेवणानंतर घ्यावी.

पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असले तरी एकट्याने पाठदुखीवर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन आपल्याकडे ‘नसेची गोळी’ म्हणून सर्रास दिली जातात. सायटिकाच्या रुग्णांत प्रीगाबालिनची तुलना औषध नसलेल्या गोळीशी करणारा अभ्यास २०१७ मध्ये झाला. दुखण्यात फरक पडला नाही आणि चक्कर मात्र जास्त आली. ज्येष्ठाला चक्कर म्हणजे पडणे, आणि पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे. ही गोळी चालू असेल तर एकदम बंदही करू नये. मात्रा कशी उतरवायची ते डॉक्टरच सांगतील. ट्रॅमाडॉल आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या यांनी झापड, गोंधळ आणि बद्धकोष्ठ होते, आणि शौचाला कुंथताना कमरेतली कळ आणखी वाढते.

पुडीत बांधून दिलेली, नाव-गाव नसलेली ‘जडीबुटीची’ पावडर दोन दिवसांत चमत्कार करते तेव्हा तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. ती आधीच घेत असाल तर मनाने एकदम थांबवू नका. पुडीच डॉक्टरांना नेऊन दाखवा.

पट्टा, वजने, यंत्रे, मालिश आणि इंजेक्शन

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या शस्त्रक्रियेविना उपचारांबाबत पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत ज्येष्ठांचा वेगळा विचार केला. व्यायाम, दुखण्याविषयी नीट समजावून सांगणे, मालिश, सुयांचा उपचार, मनाला आधार देणारे समुपदेशन यांना त्यांत स्थान आहे. कमरेचा पट्टा, वजने लावून ताणणे, अल्ट्रासाउंडचा शेक आणि विजेच्या झिणझिण्या देणारे यंत्र यांची मात्र नेहमीच्या उपचारात शिफारस केलेली नाही. फिजिओथेरपीच्या नावाखाली रोज केवळ यंत्राला जोडून ठेवले जात असेल आणि कोणी व्यायाम शिकवत नसेल, तर ठिकाण बदलावे. हलक्या हाताने तेल लावून घेण्याने स्नायू सैल होतात आणि बरे वाटते. पाठीवर पाय देऊन किंवा झटका मारून ‘नस बसवणाऱ्या’कडे ज्येष्ठाला नेऊ नये.

कण्याजवळ दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन सरकलेल्या गादीच्या तीव्र कळेत काही आठवडे आराम देऊ शकते, आणि त्या आठवड्यांत व्यायाम सुरू करता येतो, हाच त्याचा खरा लाभ आहे. अरुंद नळीसाठी ते फारसे कामाचे नाही: २०१४ च्या मोठ्या अभ्यासात स्टेरॉइड मिसळलेले इंजेक्शन नुसत्या बधिर करणाऱ्या औषधापेक्षा विशेष सरस ठरले नाही. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधीच विचारावे लागते.

खर्च आणि ठिकाण

सर सयाजीराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एसएसजीत, फिजिओथेरपीची सोय आहे. केसपेपर काढायला सकाळी लवकर जावे आणि वही बरोबर न्यावी. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगावे की तीन-चार भेटींत व्यायाम शिकवा आणि मग पंधरा दिवसांनी फक्त तपासायला या. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलेले आयुष्मान वय वंदना कार्ड रुग्णालयात भरती होण्याच्या खर्चासाठी आहे; रोजच्या फिजिओथेरपीचे पैसे त्यातून मिळतील असे धरून चालू नये, पण पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर ते हाताशी असावे.

शस्त्रक्रियेचा प्रश्न कधी काढायचा

ताकद कमी होत चालली असेल, किंवा तीन ते सहा महिने प्रामाणिकपणे व्यायाम करूनही दोन बाकांच्या पुढे जाता येत नसेल, तर शस्त्रक्रियेबद्दल बोलणे हा पराभव नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अरुंद नळीमुळे शस्त्रक्रियेला तयार झालेल्या १६९ जणांचे दोन गट केले होते, एकाला शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला फिजिओथेरपी. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल साधारण सारखीच होती. तरी फिजिओथेरपीच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. सर्जनना तीन प्रश्न विचारावेत: माझे पाय दुखणे कमी होईल की कंबर दुखणे, नुसती नळी मोकळी करणार की मणके स्क्रूने जोडणार, आणि आणखी सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?

सासूबाईंना बरोबर घेऊन हे प्रश्न विचारायला आम्ही गेल्या पावसाळ्यानंतर सर्जनकडे गेलो होतो. सर्जननी वहीची पाने उलटली, दत्तमंदिरापासून सुरू झालेला आकडा आता वॉकरसह मार्केटपर्यंत आणि परत असा पोहोचलेला पाहिला, आणि टाचा उचलून दाखवायला सांगितले. त्यांनी दहा वेळा उचलल्या. सहा महिन्यांनी पुन्हा या, वही घेऊन या, असे त्यांनी सांगितले आहे.